तायडे मॅडमचा चहा

आमच्या ऑफिसात चहा मिळणं ही वाईट खूण होती.

जळगावच्या बाजारात, ठिबकचे पाइप विकणाऱ्या एका दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या. दारावर 'पेटंट सल्ला व अर्ज' अशी पाटी. जिना चढून कुणी नवा माणूस आला आणि त्यानं आपली वस्तू टेबलावर ठेवली की तायडे मॅडम ती उलटीसुलटी करून बघत, चार प्रश्न विचारत आणि 'पुढच्या आठवड्यात या' म्हणत. पुढच्या आठवड्यात तो आल्यावर त्यांनी लगेच कागद पुढे ओढून 'बसा, लिहायला घेऊ' म्हटलं, तर त्याचं काम झालं. पण त्या खिडकीतून वाकून खालच्या टपरीवाल्याला 'एक चहा पाठव रे' म्हणाल्या, की माणसानं ओळखावं. कोरड्या घशानं कुणाला नकार ऐकायला लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. टपरीवाला तर चहा घेऊन वर आला की आधी त्या माणसाकडे कीव आल्यासारखा बघायचा आणि मग कप ठेवायचा.

मी तिथे चित्रं काढायचो. पेटंटच्या अर्जाला वस्तूची चित्रं लागतात, प्रत्येक भागाला आकडा देऊन काढलेली. पॉलिटेक्निकात माझं तेवढंच बरं होतं. बाकी विषयांबद्दल मॅडमनी मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी आपणहून सांगितलं नाही.

मॅडम उंचीनं बेताच्या, अंगानं भरलेल्या. सुती साडी, पायांत जाड तळाचे सँडल, आणि पर्समध्ये एक स्टीलचा चमचा. हा चमचा खाण्यासाठी नव्हता. त्यांचे वडील भुसावळला रेल्वेत होते. गाडी फलाटावर थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोकत जायचं आणि कान देऊन ऐकायचं, हे त्यांचं काम. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं, तडा गेला असेल तर बद्द. मॅडम लहानपणी क्वार्टरमधून त्यांचा डबा घेऊन जायच्या, तेव्हा वडील एक चाक ठोकायचे आणि विचारायचे, "सांग, कसं वाजलं?" ती खोड मॅडमना आयुष्यभर राहिली. टरबूज, मडकं, दरवाजा, पंपाचा भाग, जे समोर येईल त्यावर चमचा वाजवल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. ऑफिसला नवं टेबल आलं तेव्हा त्यांनी ते चार ठिकाणी वाजवलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "सागवान म्हणून भुसा देताय होय?" तो बिचारा टेबल उचलून परत घेऊन गेला.

त्यांचं कामही तसंच ठोकून बघण्याचं. पेटंट मागायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, हे जगात कुठंच नाही. मॅडम म्हणायच्या, "नसेल हो, नसेल. आधी जुनं काय आहे ते मी बाजूला काढते. उरलं ते तुमचं." मग जपानपासून ब्राझीलपर्यंतचे कागद संगणकावर उपसणं सुरू व्हायचं. पण त्याआधी त्या भंगारबाजारात चक्कर मारत. परदेशातले कागद शोधणारे पुष्कळ असतात, आपल्या मामाच्या अंगणात काय पडलंय ते कुणी बघत नाही, असं त्या म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. एकदा एक प्राध्यापक 'सौर ऊर्जेवर चालणारं लोणचं मुरवण्याचं संयंत्र' घेऊन आले. काचेचं झाकण, आत बरणी, खाली काळा रंग. पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा टेबलावर मॅडमच्या आईची लोणच्याची बरणी होती आणि तिच्यावर काचेची बशी. प्राध्यापकांनी बरणीकडे पाहिलं, मग शेजारच्या चहाच्या कपाकडे पाहिलं आणि चहा घेतला. जाताना मॅडमनी त्यांना थोडं लोणचं बांधून दिलं.

वर्षातून एक दिवस मात्र त्या कुणाला नकार देत नसत. वैशाख पौर्णिमेला घरून खिरीचा डबा यायचा. टेबलावरच्या बुद्धाच्या छोट्या पितळी मूर्तीपुढे फूल ठेवायचं आणि आल्यागेल्याला खीर द्यायची. त्या दिवशी एखादा नकाराच्या लायकीचा माणूस आला, तर त्याला खीर खायला घालून 'उद्या या' म्हणायच्या. उद्या चहा.

अशा या ऑफिसात एका उन्हाळ्यात धुळ्याहून हिरालालभाऊ आले. हातात गोणपाटात गुंडाळलेला जड लोखंडी तुकडा आणि मोबाइलमध्ये गाळ काढतानाचा व्हिडिओ. भाऊंचा धुळ्याला पोकलेनच्या बकेटी बनवण्याचा आणि दुरुस्तीचा कारखाना होता. घराणं लोहाराचं. वडील नांगराचे फाळ घडवायचे, भाऊ त्याच हातानं बकेटी घडवू लागले. बकेटीच्या पुढच्या कडेला, जिथून ती जमिनीत शिरते, तिथे जाड पट्टी असते. सगळीकडे ती सरळ असते. भाऊंनी ती लाटांसारखी कापली होती, एक लाट पुढे, एक मागे.

"मॅडम, हाई पातं दुन्यामा कोठेच नही शे," भाऊ म्हणाले. "मुरूममा अशी घुसस, लोनीमा सुरी घुसस तशी."

मॅडमनी चमचा काढला. लाटेच्या टोकावर वाजवला, पोटात वाजवला. "लोखंड चांगलंय," एवढंच म्हणाल्या.

भाऊंना घाई होती आणि तिला कारण होतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी बकेटीच्या दाताचा एक नमुना काढला होता. बाहेरच्या एका मोठ्या कारखान्यानं तो बघितला आणि तसाच बाजारात आणला. पुढे भाऊ आपलाच दात विकायला गेले, तर दुकानदार त्यांना म्हणाला, "भाऊ, कंपनीच्या मालाची नक्कल करता?" ते शब्द भाऊंच्या काळजात रुतून बसले होते. ते सांगताना आवाज खाली गेला त्यांचा. "पैसा गया, जाऊ द्या. पन मना मालले लोके नक्कल म्हनतस, मॅडम. या येळे नाव मनंच पाहिजे. मना बापना नाववर दुकान शे."

पुढच्या आठवड्यात भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊनच जिना चढले. मॅडम खिडकीतून वाकल्या.

भाऊंना आमच्या चहाची भानगड माहीत नव्हती. ते खुशीत बसले, कप समोर आला, आणि मॅडमनी त्यांच्यापुढे संगणकाचा पडदा फिरवला. लाटांची धार. परदेशातली, बरीच जुनी, मुदत संपून गेलेली. दुसरी त्याहून जुनी. मॅडम शांतपणे सांगत होत्या, "भाऊ, पेटंटला तीन चाळण्या असतात. वस्तू नवी हवी. त्या कामातल्या माणसाला सहज सुचेल अशी नको. आणि कामाची हवी. तुमची लाट कामाची आहे, पण पहिल्याच चाळणीतून खाली पडते. तुम्ही कुणाची उचलली नाही, ते मला दिसतंय. पण ती आधी झालीय."

भाऊंचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. "म्हंजे मी पुन्हा नक्कल करी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही बी त्या मोठा लोकेसनाच बाजूना," असं म्हणून त्यांनी तुकडा गोणपाटात गुंडाळला आणि जिना उतरून गेले. पेढे टेबलावर राहिले. चहालाही त्यांनी हात लावला नव्हता, त्यावर साय धरली.

नकार ऐकून लोक चिडायचे, ते आम्हाला नवीन नव्हतं. मॅडम कधी कुणाच्या मागे गेल्या नव्हत्या. पण त्या दिवसापासून त्यांचं काही तरी बिनसलं. व्हिडिओची एक प्रत भाऊंनी आमच्याकडे दिली होती, ती त्या पुन्हा पुन्हा लावायच्या, आणि गंमत म्हणजे पडद्याकडे न बघता. डोळे मिटून, खुर्चीला टेकून. भाऊंना फोन केला तर ते उचलत नव्हते. शेवटी एके सकाळी मॅडम म्हणाल्या, "चल, धुळ्याला जाऊन येऊ."

"नकार परत सांगायला?" मी विचारलं.

"तू चित्र काढ. तोंड नको चालवू."

एसटीनं निघालो. एरंडोल गेलं, पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मॅडमनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि धुळं येईपर्यंत सोलत बसल्या. काय शोधतोय ते सांगितलं नाही. कारखान्यात भाऊ नव्हते. त्यांच्या गावच्या तलावातला गाळ काढणं चालू होतं, तिकडे ते मशीन घेऊन गेले होते. आम्ही रिक्षा करून तिकडे गेलो.

तलाव कोरडा, तळाला काळ्या मातीचा ओलसर गाळ आणि त्यात दोन पोकलेन. काठावर निम्मं गाव बसलेलं. भाऊंनी आम्हाला पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. पण पाहुणा दारात आलेला, म्हणून मुकाट्यानं एक खुर्ची मागवली. मॅडम खुर्चीत बसल्याच नाहीत. छत्री उघडून काठावर उभ्या राहिल्या, आणि मी पाहिलं, त्यांनी डोळे मिटले होते.

काळा गाळ बकेटीला चिकटतो. बकेट भरली, ट्रॉलीवर नेली, उलटी केली, तरी आतला गोळा सुटत नाही. मग ड्रायव्हर ती बकेट हवेतच जोरजोरात हलवतो, आपटतो. लांबवर धाडधाड आवाज जातो. पलीकडचं मशीन तेच करत होतं. अलीकडचं मात्र बकेट उलटी करायचं, गोळा भप्पकन पडायचा आणि बकेट परत खाली.

"भाऊ," मॅडम डोळे न उघडता म्हणाल्या, "दोन्ही बकेटी तुमच्याच ना? लाटा दोन्हींना आहेत?"

"दोन्हीसले."

"मग ही गप्प का आहे?"

भाऊ गोंधळले. अलीकडच्या मशीनचा ड्रायव्हर सलीमभाई खाली उतरला होता. तो म्हणाला, "मॅडम, ये वाली नखरा नहीं करती. मैं भाऊको पयलेसे बोलता, इसको हात मत लगाव." भाऊंनी त्याच्याकडे डोळे वटारले.

मग हळूहळू बाहेर आलं. पहिल्या बकेटीला लाटा कापताना पट्टी कमी पडली होती. लाटेच्या प्रत्येक पोटामागे, पट्टी आणि बकेटीचा तळ यांच्यात बोटभर फट राहिली होती. भाऊंना तिची लाज वाटायची. व्हिडिओ काढतानाही तो भाग दिसणार नाही अशा बेतानं त्यांनी मोबाइल धरला होता. "चुकीनी ऱ्हायनी ती, मॅडम. दुसरी बकेटले नीट भरी टाकी मी."

म्हणजे ज्या बकेटीत चूक दुरुस्त केली होती, ती आपटावी लागत होती. चुकीची बकेट गप्प होती.

माझी ट्यूब पेटली. मी तोंड उघडणार, इतक्यात मॅडमनी माझ्या दंडावर चमचा मारला. चांगला लागला. त्या भाऊंना म्हणाल्या, "का गप्प आहे, ते तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. हा पण सांगणार नाही."

"तुम्हले माहीत शे?"

"माझ्या माहितीशी तुम्हाला काय करायचंय? मी सांगितलं तर ते तुमचं राहील का?"

भाऊ बकेटीजवळ जाऊन उकिडवे बसले. सलीमभाईला मशीन बंद करायला सांगितलं. फटीतला चिखल बोटानं काढला, पलीकडून हात घातला. ओला गोळा तळावर थापला आणि उचलून बघितला, निघेना. फटीजवळ थापला आणि उचलला, निघाला. पुन्हा केलं. काठावरचे लोक कंटाळून पांगले, ऊन माथ्यावर आलं, तरी मॅडम छत्रीखाली तशाच उभ्या. मी मनातल्या मनात उत्तर घोळवत होतो आणि ते कधी एकदा बाहेर काढतो असं झालं होतं. मॅडमना काय होत असेल, त्यांचं त्यांनाच ठाऊक.

आणि भाऊ एकदम ओरडले, "हवा! मॅडम, हवा जास आठेन! गाळना खाले हवा गई का तो सुटस!"

मॅडम इतकं मोकळं हसलेल्या मी क्वचितच पाहिल्या. "आता बसा," म्हणाल्या. "लिहायला घेऊ."

पण लिहायच्या आधी एक धोंड होतीच. पेटंट मागण्याआधी वस्तू चारचौघांत मिरवली तर ती नवी राहत नाही. मॅडमनी विचारलं, "ही बकेट कुणी कुणी पाहिलीय?"

"बठ्ठा गावनी देखी ना!" भाऊ अभिमानानं म्हणाले. "नारळ फोडा, पेढा वाटात."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग खोदून खोदून विचारू लागल्या. कशासाठी चालवली? विकली का? भाड्यानं दिली का? भाऊ म्हणाले, छे छे. त्यांच्या घरातली रीतच होती. त्यांचे वडील नवा फाळ घडवला की आधी दुसऱ्याच्या वावरात फुकट चालवायला द्यायचे. तो माणूस 'पास' म्हणेपर्यंत वस्तू दुकानात मांडायची नाही. भाऊंनीही तसंच केलं होतं. गावच्या तलावावर बकेट फुकट लावली होती, ती पास होते का बघायला. आणि त्याला अजून वर्ष झालं नव्हतं.

"म्हणजे ही चाचणी झाली," मॅडम म्हणाल्या. "पोकलेन काही घरात कोंडून तपासता येत नाही. चाचणी चारचौघांत झाली, तर वर्षाच्या आत अर्ज करायला कायद्यात जागा आहे. भाऊ, तुमच्या वडिलांनी वाचवलं तुम्हाला." भाऊंनी डोळे पुसले. मॅडमनी लगेच आवाज चढवला, "पण आजपासून तोंड बंद. आणि त्या फटीवर गोणपाट बांधा."

खानदेशातल्या माणसाला आपल्या घरातली चांगली बातमी सांगू नको म्हणणं म्हणजे शिक्षाच. भाऊंनी ती भोगली. बकेटीला गोणपाट बांधलेलं पाहून लोक विचारायचे, "भाऊ, बकेटले काय झाये?" तर भाऊ म्हणायचे, "आंग दुखस तिनं." त्याच दिवसांत त्यांनी फटी नीट बसवल्या, थोड्या तिरक्या केल्या, लहानमोठ्या करून पाहिल्या. मी चित्रं काढली. लाटेला शेवटचा आकडा दिला, फटीला पहिला. भाऊंना तेवढं खटकलं. "मनी अक्कल लाटमा व्हती आनि नाव चुकनं व्हई!" ते कुरकुरले. मॅडम म्हणाल्या, "पट्टी सगळ्यांचीच कमी पडते, भाऊ. त्या फटीत हात घालून कोण बसतं?"

तलावावरून आलो त्या दिवशी, परतीच्या एसटीत मी मॅडमना विचारलं होतं, "तुम्हाला व्हिडिओतच कळलं होतं ना?"

"आवाज नव्हता त्यात," त्या म्हणाल्या. "बकेट रिकामी होते आणि आपटल्याचा आवाज नाही. असं कसं होईल?"

"मग तुमचंच नाव लागायला हवं होतं."

"गप रे." मग थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "एक मोह झाला होता मला. तिथे छत्रीखाली. नाही असं नाही." पुढे जळगाव येईपर्यंत त्या चमचा नुसताच हातात फिरवत बसल्या. मला त्या वेळी त्या फार एकट्या वाटल्या, आणि फार आवडल्या.

पेटंटचं काम वर्षानुवर्षं चालतं. हरकती आल्या, उत्तरं गेली. मधल्या काळात मॅडम थकल्या, ऑफिसला रोज यायच्या बंद झाल्या आणि भुसावळला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. शेवटच्या उत्तराचा मसुदा त्यांनी मला फोनवर सांगून लिहवून घेतला, मधेमधे दम खात. मग एक दिवस पेटंट मंजूर झाल्याचं पत्र आलं. त्यावर एकच नाव होतं, भाऊंचं.

भाऊ धुळ्याहून गाडी घेऊन निघाले, मला जळगावातून उचललं आणि आम्ही भुसावळला गेलो. भाऊंनी पहिल्या बकेटीचा एक तुकडा कापून, घासून, चकचकीत करून आणला होता, मधोमध ती फट. मॅडम पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या, मला बघवेना. पण तुकडा मांडीवर ठेवल्याबरोबर त्यांनी उशाशी चाचपून चमचा काढला. लाटेच्या टोकावर वाजवला. मान तिरकी करून ऐकलं.

"मॅडम, हाई बठ्ठं तुमनं शे," भाऊ म्हणाले. "मी आज बी म्हनस, त्यावर तुमनं नाव पाहिजे व्हतं."

"मी नुसतं ऐकलं हो," त्या म्हणाल्या. "आता कुणी नक्कल म्हणत नाही ना?"

"नही, मॅडम. आते कोनीच नही म्हनस."

त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी फटीत बोट घातलं आणि तिथेच राहू दिलं. लांबून एक मालगाडी गेली, तिचा आवाज मॅडमनी संपेपर्यंत कान देऊन ऐकला. मग मी, काही तरी बोलायचं म्हणून, विचारलं, "मॅडम, काल मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं ना? काय म्हणाले?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं. आणि आत स्वयंपाकघराकडे मान वळवून बहिणीला हाक मारली, "अगं, दोन चहा टाक गं."

चहा आला. भाऊंनी बशी दोन्ही हातांत धरली. आमच्या ऑफिसातला पहिला चहा त्यांनी तसाच ठेवून दिला होता. हा त्यांनी खाली मान घालून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.